हत्तुरे सरांचा लिटमस अहवाल

शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला काय म्हणावं, याबद्दल सरकारचा कुठलाही जीआर नाही. त्यामुळं ईश्वरप्पा हत्तुरे यांना सगळे मामा म्हणत. शाळेत घंटा देणारे ते मामा, पाण्याची टाकी धुणारे ते मामा, आणि तीव्र आम्लाची बाटली हात न थरथरता फडताळातून काढून देणारे, विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की अख्खा तास निभावून नेणारे प्रयोगशाळा सहाय्यक ईश्वरप्पा, तेही मामाच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सोलापूरच्या भवानी पेठेतली त्यांची गल्ली त्यांना मामा म्हणायची, आणि त्याच न्यायानं त्यांच्या बायकोला, महादेवीला, मामी. महादेवीची काही तक्रार नव्हती. ईश्वरप्पांची होती, पण ती त्यांना कुणी विचारली नव्हती.

फेब्रुवारीच्या मध्यात खालच्या मजल्यावरचा यशपाल जिना चढून वर आला. यशपाल बँकेत कारकून होता, गल्लीच्या वाचनालयाचा चिटणीस होता आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन होता. यातलं शेवटचं पद तो सगळ्यांत गांभीर्यानं घेई.

"मामा, अठ्ठावीसला विज्ञान दिन," तो म्हणाला. "मागच्या वर्षी पाहुण्यांनी चंद्रावर भाषण केलं. दीड तास. लोक चंद्रावर जाऊन, तिथं झोपून, परत आले. यंदा प्रात्यक्षिक पाहिजे. तुम्ही काहीतरी करून दाखवा की. फ्लेक्सचं माझ्याकडं लागलं."

"फ्लेक्सवर काय लिहिणार?"

"मार्गदर्शक, ईश्वरप्पा मामा."

ईश्वरप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कार्यक्रम विज्ञानाचा आहे की बारशाचा?"

यशपाल हुशार होता. त्यानं आधी पंख्याकडं बघितलं, मग महादेवीकडं बघितलं, आणि मग हळूच विचारलं, "हत्तुरे सर?"

लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून ईश्वरप्पांनी मनात तीन आकडे मोजले. "आता तुझा आग्रहच आहे तर," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. वर शुभेच्छुकांचे अकरा चेहरे होते, त्यात यशपालचा गॉगल घातलेला. मध्ये 'घरोघरी विज्ञान', आणि खाली, शाळेच्या ओळखपत्रावरून मोठा केल्यामुळं जरा घाबरलेला वाटणारा एक फोटो, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'मा. श्री. ईश्वरप्पा हत्तुरे सर'. त्या दिवशी ईश्वरप्पा कोथिंबीर आणायला गेले. मग मिरच्या आणायला गेले. मग आलं आणायला गेले. तिन्ही एकदम का आणलं नाही, असं महादेवीनं विचारलं नाही. ती खिडकीतून बघत होती.

प्रयोग लिटमसचा ठरला. लिटमसला आग लागत नाही, धूर होत नाही, कुणाची साडी जळत नाही. छोट्या पुस्तकात पट्ट्या असतात, एक पुस्तक लाल, एक निळं. आम्लात बुडवली की निळी पट्टी लाल होते, आम्लारीत लाल पट्टी निळी होते, आणि दोन्ही जशाच्या तशा राहिल्या तर पदार्थ उदासीन. एवढं साधं शास्त्र सोलापुरात दुसरं नाही.

रंगीत तालीम महादेवीच्या स्वयंपाकघरात झाली. तिनं सात बशा दिल्या. लिंबू, चिंच आणि दही आम्ल निघाली. खायचा सोडा, पापडखार आणि साबणाचं पाणी आम्लारी निघाले. दूध उदासीन निघालं. सगळं पुस्तकाबरहुकूम. महादेवी म्हणाली, "झालं की मग. हेच करा तिथं."

शहाण्या माणसानं इथंच थांबायचं असतं. पण ज्याच्या नावापुढं फ्लेक्सवर सर लागलेलं आहे, त्यानं सात बशा घेऊन समाजमंदिरात जायचं म्हणजे चहाच्या टपरीवरचा माणूस वाटणार. ईश्वरप्पांनी ठरवलं, घरोघर जाऊन नमुने तपासायचे आणि अख्ख्या गल्लीचा आम्ल-आम्लारी अहवाल वाचून दाखवायचा. असा अहवाल मुंबई-पुण्याच्याही कुठल्या गल्लीकडं नसेल. हे त्यांचं अनुमान बरोबरच होतं.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी. निवृत्तीच्या दिवशी ईश्वरप्पांनी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभं राहून, महादेवीच्या साक्षीनं तंबाखू सोडली होती. ती त्यांनी सोडली ती थेट जिन्यातल्या विजेच्या मीटरच्या पेटीत. तिथं मीटरच्या मागं एक पुडी आणि एक चुन्याची डबी असे. दिवसातून चार-पाच वेळा ईश्वरप्पा पेटी उघडून मीटर बघत, डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन उजव्या अंगठ्यानं शांतपणे मळत, बार भरत आणि हात झटकून पुढं जात. विजेच्या बाबतीत एवढा जागरूक माणूस आपण बघितला नाही, असं यशपालनं एकदा ग्रुपवर लिहिलं होतं. त्याखाली चौदा जणांनी अंगठे दिले होते.

तर सर्वेक्षणाला निघण्याआधी त्यांनी मीटर बघितलं, आणि पहिल्यांदा केराबाईकडं गेले.

केराबाई जिन्याला लागून असलेल्या खोलीत राहत. शेंगाचटणी कुटून विकत, आणि गल्लीत काहीही झालं की ते होणार हे आपण आधीच सांगितलं होतं, असं सांगत.

"एक बशी द्या," ईश्वरप्पा म्हणाले.

"कशाला?"

"नमुना घ्यायला."

"बशा पाव्हण्यांच्या हायत्या. त्यात औषिदं-बिवषिदं नगं."

शाळेत यासाठी चिमटा असे आणि काचेची तबकडी असे. पण त्या शाळेच्या होत्या, आणि ईश्वरप्पा शाळेतली टाचणीसुद्धा घरी न आणणारे. त्यांनी डावा तळहात पसरला, त्यावर लाल पट्टी आडवी ठेवली आणि ड्रॉपरनं तिच्यावर केराबाईच्या पातेल्यातल्या दुधाचे दोन थेंब टाकले.

पट्टी हळूहळू निळी झाली.

ईश्वरप्पांनी दुसरी पट्टी घेतली. तीही निळी झाली.

"काय झालं मामा?"

"आम्लारी," ईश्वरप्पा म्हणाले. एवढ्या भारदस्त आवाजात ते बत्तीस वर्षांत बोलले नव्हते. "दुधात सोडा आहे. दूध नासू नये म्हणून घालतात काही लोक."

"मला वाटलंच हुतं," केराबाई म्हणाल्या. "परवा चा पिताना जिभीला काय तरी लागलं."

दूध सिद्धारामचं होतं. होटगीकडून रोज सकाळी मोटारसायकलला दोन कॅन लावून तो यायचा. गल्लीत त्याची सतरा घरं होती. त्याच्या आधी त्याचा बाप सायकलवरून दूध घालायचा.

आता कुणी विचारेल, हेच सिद्धारामचं दूध ईश्वरप्पांच्या घरी उदासीन निघालं होतं, त्याचं काय? ईश्वरप्पांनी हा प्रश्न स्वतःला विचारला आणि दोन पायऱ्या चढेपर्यंत त्याचं उत्तरही दिलं. विज्ञानाच्या माणसाच्या घरी भेसळ करायला कोण धजेल? त्यांना चांगलं दूध देत होता आणि बाकीच्यांना सोडा. म्हणजे भेसळ तर होतीच, वर ती हिशेबानं होत होती. या तर्कानं ते स्वतःच जरा दचकले, आणि मीटर बघून पुढच्या घरी गेले.

पुढच्या घरी त्यांनी बशी मागितलीच नाही, तळहातच पुढं केला. दूध निळं. त्याच्या पुढच्या घरी दूध संपलं होतं, चहा होता. चहा निळा. यशपालच्या घरी पिंपातलं पाणी घेतलं, कारण नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. पाणीही निळं.

"मामा, पाण्यात सोडा कसा?" यशपालनं विचारलं.

"पाणी ज्या तांब्यानं काढलं, त्या तांब्यात आधी काय होतं?"

यशपालनं आत जाऊन विचारलं. "दूध."

"मग झालं."

एकदा गुन्हेगार ठरला की पुरावे आपापले चालत येतात आणि रांगेत उभे राहतात. गल्लीतल्या मारुतीच्या देवळातलं तीर्थसुद्धा निळं निघालं. त्यावर केराबाई जरा बिथरल्या. "देव काय सोडा खातोय व्हय?" असं त्यांनी विचारलं. पण सकाळी अभिषेक दुधाचाच झाला होता हे पुजाऱ्यानं कबूल केलं, आणि देवाची अब्रू वाचली. सिद्धारामची राहिली नाही. लोणचं, चिंच, ताक मात्र आम्लच निघत होती. त्यामुळं कागदावर अविश्वास दाखवायला कुणाला जागा नव्हती.

संध्याकाळी यशपालनं ग्रुपवर टाकलं, 'हत्तुरे सरांच्या संशोधनातून धक्कादायक वास्तव उघड.' ईश्वरप्पांनी तो निरोप सहा वेळा वाचला. त्यातला दुसरा शब्द अकरा वेळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धारामनं हॉर्न वाजवला तेव्हा एकही पातेलं बाहेर आलं नाही. त्यानं परत वाजवला. मग केराबाईंनी खिडकीतून सगळं सविस्तर सांगितलं, आणि तो गाडी लावून जिना चढून वर आला.

"मामा, माज्या दुदात सोडा हाय म्हनं."

"मी नाही म्हणत. विज्ञान म्हणतंय."

"विज्ञानाला म्हनावं एकदा गोठ्यावर ये की. अकरा म्हशी हायत्या, कुटल्या म्हशीत सोडा घालतो ते बगून जा म्हनावं."

"हे बघ सिद्धाराम, कागद खोटं बोलत नाही."

सिद्धारामनं चौकट धरली. त्याला भांडता आलं असतं, आणि ईश्वरप्पांनी त्यासाठी दोन-चार वाक्यं तयार ठेवली होती. पण तो भांडला नाही. "तुमच्या पोरीच्या बारशाला माज्या बापानं दूद घातलं हुतं," एवढंच म्हणाला. "कागद खोटं बोलत न्हाय म्हनता. मग माजंच काय चुकलं बगतो."

तो गेल्यावर ईश्वरप्पांना मीटर बघावंसं वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सिद्धाराम परत आला. दोन्ही कॅन त्यानं आतून चिंचेनं घासून लखलखीत करून आणले होते. धुण्याच्या सोड्याचा अंश कुठं राहिला असेल तर जावा म्हणून. "आता बगा," म्हणाला. गल्ली गोळा झाली. ईश्वरप्पांनी तळहात पसरला, पट्टी ठेवली, थेंब टाकले. पट्टी निळी झाली. सिद्धारामनं पट्टी स्वतःच्या हातात घेऊन उन्हात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. मग कॅनला झाकण लावलं आणि गाडीला किक मारून गेला. सतरा घरांचं दूध घेऊन.

यशपाल म्हणाला, "आता हे रीतसर व्हायला पाहिजे. तक्रार करू या." त्याला फ्लेक्सवर 'यशस्वी पाठपुरावा' असं एक पट्टीएवढं स्टिकर चिकटवायचं होतं.

अशा तक्रारी घेणारं एक सरकारी ऑफिस एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. टेबलामागं उदयसिंह नावाचे लिपिक बसले होते. सिद्धारामच्या कॅनमधून नमुन्याला काढून घेतलेल्या दुधाचा स्टीलचा डबा ईश्वरप्पांनी पुढ्यात ठेवला. महादेवीचा दह्याचा डबा होता तो, घाईत तोच हाताला लागला.

"हे सीलबंद नाही," उदयसिंह म्हणाले.

"झाकण घट्ट आहे."

"झाकण म्हणजे सील नव्हे. सील अधिकारी करतात."

"अधिकारी कुठं आहेत?"

"सॅम्पल आणायला गेलेत."

"अहो, सॅम्पल आम्ही घेऊनच आलोय," यशपाल म्हणाला.

"तुम्ही आणलं ते दूध. त्यांनी आणलं की सॅम्पल."

यात चूक काढायला जागा नव्हती. अर्ज तीन प्रतींत करायचा होता आणि प्रत्येक प्रतीला पुरावा जोडायचा होता. ईश्वरप्पांनी तीन निळ्या झालेल्या पट्ट्या टाचणीनं लावल्या. उदयसिंहांनी आवक शिक्का उचलला आणि मोकळी जागा फक्त पट्टीवरच दिसल्यामुळं तिथंच मारला. तिन्ही पट्ट्या जांभळ्या झाल्या.

"आता हा निळा कसा दिसणार?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"खाली लिहा की. 'मूळ रंग निळा, जांभळा शिक्क्याचा.' आणि डबा ठेवून उद्या या. साहेब असतील."

उद्या साहेब नव्हते. डबा होता. उदयसिंहांनी झाकण काढून आत बघितलं. "हे दही आहे."

"काल दूध होतं."

"असेल. अर्ज दुधाचा आहे. दह्याचा अर्ज वेगळा."

"टेबल?"

"टेबल हेच."

ईश्वरप्पा डबा काखेत मारून घरी आले. सत्तावीस तारीख होती. त्यांना वाईट वाटत होतं, पण ते नक्की कशाचं, हे कळत नव्हतं. फ्लेक्स दोन दिवसांच्या वाऱ्यानं एका बाजूनं सैल झाला होता, आणि 'सर' हा शब्द जाता-येता मान डोलवत होता.

महादेवीनं डबा उघडला, बोटावर दही घेऊन चाखलं, आणि पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "छान लागलंय की. घट्ट."

"दही झालं म्हणून तर काम झालं नाही."

"दूध नासू नये म्हणून सोडा घालतात, असं तुम्हीच सांगितलंत ना केराबाईंना? सोडा घातलेल्या दुधाचं एका रात्रीत असं दही लागतं होय?"

"विज्ञानात अपवाद असतात."

महादेवीनं पोळी उलटली. "आपल्या घरी बघितलंत तेव्हा दूध कशात घेतलं होतं?"

"बशीत."

"आणि बाहेर?"

"हातात."

"हं," महादेवी म्हणाली, आणि पुढची पोळी लाटायला घेतली. बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस समोर बसला होता आणि त्याला त्या 'हं'चा अर्थ कळला नाही. शाळेत नोकरी चुकीच्या माणसाला लागली होती, असं केराबाई पुढं बरेच दिवस म्हणत होत्या.

अठ्ठावीसला सकाळी ईश्वरप्पा खालून मीटर बघून आले. महादेवी टेबलापाशी उभी होती. टेबलावर पाण्याचं भांडं, ड्रॉपर आणि लाल पुस्तक.

"हात बघू. डावा."

"कशाला?"

"द्या तर."

तिनं तळहातावर पट्टी ठेवली आणि पट्टीवर पाण्याचे दोन थेंब टाकले. तेच पाणी तिनं आधी बशीत एका पट्टीवर टाकून ठेवलं होतं. ती लालच होती. हातावरची कडेनं निळी व्हायला लागली, मग मधे, मग सगळीच.

खाली कुठंतरी यंत्रमाग चालू होता. ईश्वरप्पांच्या डोक्यात मात्र सगळं बंद पडलं होतं, फक्त एकेक घर येऊन जात होतं: केराबाईचं पातेलं, यशपालचा तांब्या, मारुतीचं तीर्थ, उन्हात धरलेली पट्टी. चुना. तळहाताच्या रेघारेघांत मुरलेला दोन वर्षांचा चोरून मळलेला चुना. आंबट पदार्थांनी त्याला दाबलं, पण दूध बिचारं, पाणी बिचारं, त्यांच्यात ताकद कुठली?

महादेवी ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं गॅस लावला. "चहा कोराच आहे," म्हणाली. "दूध बंद आहे गल्लीत."

ईश्वरप्पांनी कोरा चहा प्यायला.

"आता संध्याकाळी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा," कप उचलताना ती म्हणाली. "फ्लेक्सवर माझं नाव नाही."

दिवसभर ईश्वरप्पांनी बरेच मार्ग शोधले. आजारी पडण्याचा विचार केला. कागदाचं पुस्तक जुनं निघालं म्हणावं, असाही विचार केला. ते सगळ्यांना पटलं असतं. पण प्रत्येक मार्गाच्या शेवटी सिद्धाराम चिंचेनं घासलेला कॅन घेऊन उभा होता.

संध्याकाळी समाजमंदिर भरलं. भेसळीचा विषय असल्यामुळं शेजारच्या गल्लीतलेही आले होते. फ्लेक्स आणून मागं पडद्यासारखा लावला होता. शेवटच्या रांगेत, मांडीशी छोटी किटली घेऊन सिद्धाराम बसला होता. त्याला महादेवीनं फोन करून बोलावलं होतं.

"आता आपले हत्तुरे सर," यशपाल माईकमध्ये म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

बत्तीस वर्षं ज्या टाळ्यांची वाट बघितली त्या टाळ्या होत्या. ईश्वरप्पांनी त्या पुरत्या वाजू दिल्या. मग सात बशा मांडल्या. लिंबू झालं, सोडा झाला. सहाव्या बशीत त्यांनी सिद्धारामच्या किटलीतलं दूध मागवून घेतलं आणि दोन्ही पट्ट्या बुडवून उंच धरल्या. लाल ती लाल, निळी ती निळी.

"उदासीन," ते म्हणाले. "सोडा नाही."

खुर्च्या कुरकुरल्या. यशपाल घाईनं पुढं येऊन कानाशी म्हणाला, "सर, हे अहवालात नाही."

सातव्या बशीत साधं पाणी होतं. ते त्यांनी आधी बशीतच तपासलं. उदासीन. मग डावा तळहात सगळ्यांना दिसेल असा पसरला, त्यावर लाल पट्टी ठेवली आणि तेच पाणी टाकलं. पहिल्या रांगेला पट्टी निळी झालेली दिसली, आणि पहिल्या रांगेनं मागच्या रांगांना सांगितलं.

केराबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हंजे मामा, तुमीच आम्लारी व्हय?"

"माझा हात."

"हाताला काय झालं?"

ईश्वरप्पांनी एकदा मागं वळून फ्लेक्सकडं बघितलं. फोटोतले ईश्वरप्पा त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. त्यामुळं थोडा धीर आला.

"चुना," ते म्हणाले. "तंबाखूचा. तळहातावर मळतो. त्याच तळहातावर तुमचं दूध तपासलं. जे जे निळं झालं ते माझ्या हातामुळं. दुधामुळं नाही. तीर्थामुळंही नाही."

"अवो, पर मामींनी तर सांगितलं हुतं, मामांनी तंबाखू सोडली," केराबाई म्हणाल्या.

"सोडली होती की," महादेवी आपल्या खुर्चीतूनच म्हणाली. "मीटरच्या पेटीत."

समाजमंदिर असं हसलं की बाहेर झोपलेलं कुत्रं उठून आत बघायला आलं. यशपाल तेवढा हसला नाही. त्यानं मोबाइल काढला आणि विजेच्या जागरूकतेबद्दलचा तो जुना निरोप शोधून काढून टाकायचा प्रयत्न केला. पण दोन वर्षांपूर्वीचं सगळ्यांच्या मोबाइलमधून पुसता येत नाही.

हसू ओसरल्यावर शेवटच्या रांगेतून सिद्धारामनं विचारलं, "मग माजं दूद?"

"निर्दोष," ईश्वरप्पा म्हणाले. "चूक माझी. आधी हात तपासायला हवा होता. शाळेत हे पोरांना मीच सांगायचो." आणि मग सवयीनं, शास्त्राला धरून, पुढं म्हणाले, "फक्त, पाणी किती घातलंय ते लिटमस सांगत नाही."

"ते ऱ्हाऊ द्या की मग," सिद्धाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सतराच्या सतरा पातेली बाहेर आली. केराबाईंनी सगळ्यांना सांगितलं, की मामांच्या हाताचा संशय आपल्याला पहिल्याच दिवशी आला होता. मामा हा शब्द गल्लीत आता पूर्वीपेक्षा मोकळेपणानं आणि जरा हेल काढून म्हटला जाऊ लागला. फ्लेक्स वाया जायला नको म्हणून सिद्धारामनं मागून नेला आणि गोठ्याच्या गळक्या बाजूला छतासारखा बांधला. त्यामुळं रोज पहाटे धार काढताना त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत हत्तुरे सर असतात. आणि एवढं रोज वाचल्यावर माणसाच्या तोंडात दुसरं काय येणार?

महादेवीनं त्याला लाल पट्ट्यांचं पुस्तक देऊन टाकलं आणि एक अट घातली. दूध घालण्याआधी रोज यांचा डावा हात तपासायचा. पट्टी निळी झाली तर या घरी दूध नाही. सिद्धाराम हे काम मन लावून करू लागला. दारात उभा राहून तो म्हणे, "सर, हात." अख्ख्या सोलापुरात ईश्वरप्पांना सर म्हणणारा हा एकच माणूस होता. दोन आठवडे पट्टी रोज लाल राहिली, आणि तो "पास, सर," म्हणून पातेलं भरून जाई.

पंधराव्या दिवशीही पट्टी लालच राहिली. ईश्वरप्पांचा चेहरा अगदी शांत होता.

"पास, स..." सिद्धाराम म्हणतोय, तोवर महादेवी आतून आली. तिच्या हातात निळं पुस्तक होतं. "काल चार लिंबं होती," ती म्हणाली. "आज तीनच आहेत. हा लावून बघ."

निळी पट्टी तळहातावर टेकली आणि पाणी पडायच्या आतच लाल व्हायला लागली.

"सर, ह्ये काय झालं?" सिद्धारामनं मनापासून विचारलं.

आता गप्प बसता आलं असतं. पण प्रश्न विज्ञानाचा होता आणि विचारणाऱ्यानं सर म्हणून विचारला होता. ईश्वरप्पांनी चष्मा नीट केला. "हे आम्ल आहे," ते म्हणाले. "लिंबाचं. चुना आम्लारी असतो. त्यावर लिंबू चोळलं की दोघं एकमेकांना मारतात, याला उदासिनीकरण म्हणतात. मग लाल पट्टीला चुना दिसत नाही. पण लिंबू जरा जास्त झालं, तर ते उरतं आणि निळी पट्टी लाल होते. म्हणून हुशार माणसानं कायम दोन्ही कागद लावून बघावेत. यावरून निष्कर्ष असा, की या हातावर आज सकाळी चुना होता, आणि तो कुणीतरी लपवायचा प्रयत्न केला."

एवढं नेटकं त्यांनी शाळेतही कधी शिकवलं नव्हतं. सिद्धारामनं कॅनचं झाकण हातात धरून सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कळलं, सर," तो म्हणाला, झाकण लावलं, आणि दूध न घालताच पुढच्या दाराशी गेला.